देव जिथे दडवले होते

१४ फेब्रुवारी २०२४

प्रकाशकांना रहस्यकादंबरी हवी आहे. ‘द दा विंची कोड’ वाचलेल्या वाचकाला आपल्या मातीतलं काही द्या, असं त्यांचं म्हणणं. सांकेतिक भाषा, देवळातलं गुपित, कुठेतरी दडवलेली पवित्र वस्तू आणि तिच्या मागावर निघालेली माणसं. मी तमिळनाडूतलं कुंभकोणम निवडलं ते एवढ्यासाठी, की इथे यातलं काहीच मनाने रचावं लागत नाही. चोलांची देवळं आहेत, नायकांचे मंडप आहेत, आणि १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर राज्य केलेल्या भोसल्यांच्या खुणा तर पावलोपावली. चक्रपाणीच्या देवळात दुसऱ्या सरफोजीराजांची हात जोडलेली धातूची मूर्ती आहे. आल्या दिवशी तिचं दर्शन घेतलं आणि उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

उतरले आहे ते तंजावरी मराठी घर. आजी-आजोबा दोघंच. आजी चुलीपाशी मराठी बोलतात आणि दारच्या भाजीवालीशी तमिळ.

पहाटे शेजारच्या घरातून एका मुलीचा सा-रे-ग-मचा रियाज ऐकू आला. मायामालवगौळ. कर्नाटक संगीत शिकायला सुरुवात याच रागाने होते. सकाळी कॉफी देताना आजींनी विचारलं, या रागाचा नंबर कितवा ते सांग पाहू. मग त्यांनीच बोटांवर उलगडून दाखवलं. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक आहे. ‘मा’ म्हणजे ५, ‘या’ म्हणजे १. अंक उलटे वाचायचे, म्हणून १५. ‘मेचकल्याणी’ घेतला तर म ५, च ६, उलट वाचून ६५. बहात्तर मेळकर्त्यांपैकी, म्हणजे मूळ रागांपैकी, कुठल्याही रागाचं नाव उच्चारा, त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत त्याचा क्रमांक बसलेला आहे, आणि क्रमांकावरून त्याचे स्वर काढता येतात. बहात्तर मेळांची ही मांडणी वेंकटमखींची, नावांना ही अक्षरं मागाहून जोडली गेली. वेंकटमखी हे गोविंद दीक्षितांचे चिरंजीव. नायक राजांचे हे मंत्री दीक्षित म्हणजे कुंभकोणमचं मोठं नाव. महामहम तळ्याभोवतीचे सोळा मंडप त्यांनीच बांधवून घेतले.

कादंबरीतला संकेत कुणाला कळू नये म्हणून केलेला असतो. हा संकेत कुणी विसरू नये म्हणून केला आहे. दहा वर्षांच्या मुलीलाही तो येतो. आज दिवसभर माझ्या डोक्यात हेच घोळत राहिलं.

१६ फेब्रुवारी

शिवपुरमला जाऊन आले. कुंभकोणमपासून रिक्षाने फार वेळ लागत नाही. भाताची कापणी उरकलेली, रस्त्यावरच पेंढा पसरलेला, गाड्या त्यावरून जातात. या गावाच्या भूमीत पावलापावलाला एक शिवलिंग आहे असं मानतात. म्हणून जुने संतकवी इथे पाय टेकायला धजले नाहीत अशी आख्यायिका. ती आख्यायिका १९५१ साली अर्धीमुर्धी खरी ठरली. शेतात खणताना एका शेतकऱ्याला कांस्यमूर्ती लागल्या. त्यांत दहाव्या शतकातला एक नटराज. मूर्ती गावच्या शिवगुरुनाथस्वामी मंदिरात बसवल्या गेल्या.

पुढची हकिगत कुठल्याही रहस्यकथेला लाजवील अशी. १९५४ मध्ये नटराज दुरुस्तीसाठी मूर्तिकाराकडे गेला. परत आला तो हुबेहूब तसाच दुसरा. खरा नटराज हातोहात विकला गेला होता. गावकरी भक्तिभावाने नकलेची पूजा करत राहिले. वर्षं गेली. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६५ साली चोल कांस्यमूर्तींवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की देवळातला नटराज मूळचा नाही. मूळ मूर्ती १९७३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने सुमारे नऊ लाख डॉलरना घेतली. भारत सरकारने दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली. तडजोड अशी, की दहा वर्षं मूर्ती तिकडे प्रदर्शनात राहील आणि मग परत येईल. १९८६ मध्ये ती परत आली. पण शिवपुरमला नाही. सुरक्षेच्या कारणाने ती कुलूपबंदच राहिली.

देवळात आज मी पोचले तेव्हा गुरव दिवे लावत होते. कुणी चार जण दर्शनाला होते. मी नटराजाबद्दल विचारलं तर एक वयस्क बाई म्हणाल्या, आमचा स्वामी दुसऱ्या गावी आहे. परदेशाहून परत आला, पण घरी आला नाही, असा त्यांच्या बोलण्याचा भाव. मला ते फार लागलं. मूर्ती ओळखली पुस्तकाने, सोडवली सरकारने, हे सगळं खरं. पण ज्यांच्या शेतात ती शेकडो वर्षं निजली होती त्यांच्या वाट्याला रिकामी जागाच आली.

१७ फेब्रुवारी

नक्कल इतकी बेमालूम होते तरी कशी, हे बघायला स्वामीमलैला. गल्लीगल्लीत स्थपतींचे कारखाने. एका ठिकाणी बसू दिलं.

मोजमापाला टेप नाही. नारळाच्या झावळीची एक पट्टी. मूर्ती जेवढी उंच करायची तेवढी ती कापतात आणि घड्या घालून भाग पाडतात. कपाळ कुठे, नाभी कुठे, गुडघा कुठे, सगळं त्या घड्यांवरून. मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र करून केलेला मऊ काळपट गोळा; त्यातून एका तरुणाने देवीची बोटं वळवली, एकेक करून, आणि मधूनमधून हात पाण्यात बुडवत राहिला. मग कावेरीची गाळाची माती. पहिला लेप इतका तलम, की मेणावरच्या पैंजणाचा प्रत्येक मणी त्यात उमटतो. त्यावर जाड मातीचे थर. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. भरीव ओतकाम. थंड झालं की माती फोडायची. साचा गेला, तो गेलाच.

म्हणजे प्रत्येक मूर्ती जगात एकुलती एक. कुठे धातू ओतताना पडलेला बारीक खळगा, कुठे प्रभावळीतली एखादी ज्वाला किंचित कललेली. नकलाकार सगळं उतरवू शकतो. पण असले अपघात जसेच्या तसे उतरवणं कठीण. चोरीला गेलेल्या मूर्ती ओळखताना तज्ज्ञ नेमकं हेच बघतात. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६ पासून तमिळनाडूतल्या देवळांचे आणि मूर्तींचे फोटो काढून ठेवले, आज ते लाखाहून जास्त आहेत. त्या काळ्यापांढऱ्या फोटोंनी किती देव परत आणले! ज्याने अभ्यासासाठी कॅमेरा रोखला त्याला काय कल्पना, की पन्नास वर्षांनी हा कागद साक्षीदार म्हणून उभा राहील.

१८ फेब्रुवारी

कुंभकोणमचं न्यायालय बाहेरून पाहिलं. मूर्तिचोरीचे खटले इथे चालतात. न्यूयॉर्कचा कलाव्यापारी सुभाष कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला, २०१२ मध्ये भारतात आणला गेला, आणि १ नोव्हेंबर २०२२ रोजी याच गावच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. तमिळनाडूतल्याच श्रीपुरंदान गावचा नटराज त्याच्याच हातून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. पन्नास लाख डॉलर मोजले होते त्यांनी. नटराज २०१४ मध्ये परत आला.

श्रीपुरंदानला काय घडलं ते वाचून मन विषण्ण होतं. पूजा बंद पडलेली, देवळाला कुलूप, आत वटवाघळं. मूर्ती चोरीला गेल्या हे लगेच कुणाच्या लक्षातही आलं नाही. सुरक्षित जागी हलवायला अधिकारी आले तेव्हा देव्हारा रिकामा. चोराने कुठलाही संकेत सोडवला नव्हता. तिथे रोज दिवा लावणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच त्याला पुरलं.

२० फेब्रुवारी

आज चिदंबरम. दिवस सार्थकी लागला.

गाडी मायिलाडुतुरै, सीरकाळी करत जाते. सीरकाळीला सट्टैनाथ मंदिरात एप्रिल २०२३ मध्ये यागशाळेसाठी खड्डा खणताना वीसेक कांस्यमूर्ती आणि तेवारमची पदं कोरलेले चारशेहून अधिक ताम्रपट निघाले. कुणीतरी संकटाच्या वेळी हे सगळं जमिनीखाली नीट रचून ठेवलं आणि परत काढायला ती माणसं आलीच नाहीत. का आली नाहीत, या प्रश्नाने खिडकीबाहेरचा हिरवा पट्टाही मला उदास वाटला.

दडवण्याचं शास्त्रच आहे. विमानार्चनाकल्प हा वैखानस आगमग्रंथ सांगतो, की शत्रूचं किंवा चोरांचं भय असेल तेव्हा एकांत जागी खड्डा खणावा, वाळू पसरावी, कुश घालावेत, आणि भय सरेपर्यंत भूदेवीसह विश्रांती घे अशी देवाला प्रार्थना करून मूर्ती निजवावी. १३११ मध्ये मलिक काफूरची फौज या बाजूला आली, त्यानंतरही वेळोवेळी धाड पडली. किती पुजाऱ्यांनी रात्री कंदील न लावता हे विधी उरकले असतील.

चिदंबरमच्या कनकसभेतून चित्सभेतलं पडद्याआडचं ‘रहस्य’ पाहिलं. इथले पुजारी, म्हणजे दीक्षित, पडदा बाजूला करतात. आत सोन्याच्या बेलपानांच्या माळा लोंबतात आणि त्यांच्यामागे काही नाही. आकाशरूप शिव. दर्शन मागणाऱ्याला ते रोज दाखवतात. पण माझं मन नटराजाच्या मूर्तीकडे लागलं होतं, कारण ही मूर्ती इथून एकदा नाहीशी झाली होती.

तिरुवारूरच्या त्यागराज मंदिरात सापडलेल्या संस्कृत ताम्रपटांत तिचा हिशेब आहे. २४ डिसेंबर १६४८ रोजी नटराज चिदंबरमहून हलवला. चाळीस महिने तो कुडुमियामलैला होता, नंतर मदुरैला. १४ नोव्हेंबर १६८६ रोजी परत आला. सदतीस वर्षं, दहा महिने आणि वीस दिवस. दिवससुद्धा मोजून ठेवलेले.

या तारखा मराठी वाचकाने जरा थांबून वाचाव्यात. डिसेंबर १६४८ म्हणजे आदिलशाही फौजेने जिंजी घेतली तोच महिना. त्याच वेढ्याच्या छावणीत जुलैमध्ये शहाजीराजांना कैद झाली होती. त्या मोहिमेच्या धास्तीने दीक्षितांनी आपला देव उचलून नेला. आणि त्याला परत बसवताना राज्य कुणाचं? शहाजीराजांच्या नातवाचं, संभाजीमहाराजांचं. जिंजी तोवर मराठ्यांकडे आली होती, तिथे हरजीराजे महाडिक कारभार पाहत होते. ताम्रपटांत संभाजीराजांचं नाव आहे, त्यांचे अधिकारी गोपाळ दादाजी आहेत, मुत्तय्या दीक्षित आहेत. चित्सभेचा जीर्णोद्धार १६८४ मध्ये झाला आणि दोन वर्षांनी देव घरी आला. औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला, विजापूर त्याच वर्षी पडलं. चहूकडून ओढाताण चाललेली असताना रायगडापासून इतक्या दूरच्या एका तमिळ देवळाकडे महाराजांच्या माणसांनी लक्ष दिलं. आमच्या शाळेत संभाजीराजे शिकवताना बुऱ्हाणपूर आलं, संगमेश्वर आलं. चिदंबरम कधीच आलं नाही. यायला हवं होतं.

परतीची गाडी उशिरा होती. फलाटावर एका निवृत्त शिक्षकांशी गप्पा झाल्या, त्यांनी इकडे सांगतात ती गोष्ट ऐकवली. दीक्षितांनी नटराज एका खेड्यात चिंचेच्या झाडाच्या ढोलीत ठेवून वरून बंद केला. पिढी सरली, ठेवणारे गेले. नवे दीक्षित गावोगाव शोधत फिरू लागले. एका ठिकाणी एक म्हातारा गड्याला म्हणाला, बैल नेऊन अंबलच्या चिंचेला बांध. अंबलम हे तर नटराजाच्या सभेचं नाव! त्यांनी म्हाताऱ्याला गाठलं. मालकाने मरताना झाडाचं हे नाव सांगून ठेवलं होतं, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. झाड उघडलं, देव सापडला. ताम्रपटांशी ही गोष्ट जुळत नाही. तरी ज्यांनी ती रचली त्यांना मर्म पक्कं कळलं होतं. देव कुठे आहे हे एका गड्याच्या रोजच्या बोलण्यात शाबूत राहिलं.

२१ फेब्रुवारी

थकवा. दुपारी कावेरीकाठच्या सरकारी महाविद्यालयापर्यंत पायी गेले. १८८० पासून १९०३ पर्यंत उ. वे. स्वामिनाथ अय्यर इथे तमिळ शिकवत. ऑक्टोबर १८८० मध्ये इथे मुन्सफ होऊन आलेल्या सेलम रामस्वामी मुदलियारांनी त्यांना विचारलं, जीवकचिंतामणी वाचलंय का? त्यांनी ते महाकाव्य पाहिलंही नव्हतं. मग सुरू झाला ताडपत्रांचा शोध. ताडपत्रावर ना विरामचिन्हं, ना अक्षरावरचे बिंदू. ओळ कुठे तुटते ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं. लोक जुनी ताडपत्रं नदीला अर्पण करत, तेही पुण्य समजून.

ग्रंथ जैन. अय्यर शैव ब्राह्मण. कितीतरी जागा त्यांना उलगडेनात. आणि मग कळलं, की कुंभकोणममध्येच जैन कुटुंबं आहेत, आणि त्यांच्या घरी चिंतामणीचं वाचन परंपरेने चालू आहे. विद्वानांच्या लेखी हरवलेला ग्रंथ त्याच गावातल्या घरात लोक मोठ्याने वाचत होते! अय्यर त्यांच्याकडे गेले, बसले, विचारून घेतलं. १८८७ मध्ये ग्रंथ छापून निघाला. कादंबरीत हे लिहिलं तर संपादक म्हणतील, फारच सोपं झालं. मला यापेक्षा थरारक काही सुचत नाही.

२२ फेब्रुवारी

आजींनी बंगारू कामाक्षीची गोष्ट सांगितली. कर्नाटक युद्धांच्या धामधुमीत कांचीहून सोन्याची कामाक्षी बाहेर काढली. सोनं ओळखू येऊ नये म्हणून मुखाला काळा लेप. गावोगाव मुक्काम करत पुजारी तिला घेऊन फिरले आणि शेवटी तंजावरच्या मराठा राजांनी आसरा दिला. तिचा वंशपरंपरेने सांभाळ करणाऱ्या घराण्यात संगीतकार श्यामा शास्त्री जन्मले. कांचीचा शंकराचार्यांचा मठही तेव्हाच कांची सोडून इथे कुंभकोणमला आला, प्रतापसिंहराजांच्या आश्रयाने. देवी कांचीला परत गेली नाही. तंजावरला आहे, आणि चेहरा आजही काळा आहे. आजोबा मधेच म्हणाले, धोका टळून अडीचशे वर्षं झाली तरी लेप काही पुसला नाही कुणी. त्यांना त्याचा अभिमान आहे, आणि मलाही वाटला.

२४ फेब्रुवारी

मासी मगमचा उत्सव. महामहम तळ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. बारा वर्षांतून एकदा येणारा मोठा महामहम २०२८ ला, तरी आजची गर्दीही कमी नाही. शिवमंदिरांतल्या उत्सवमूर्ती वाजतगाजत काठावर आल्या. नादस्वर, तविल, उन्हात चमकणाऱ्या छत्र्या. रेशीम आणि फुलं इतकी, की देवाचा फक्त चेहरा दिसतो.

तीर्थवारीसाठी अस्त्रदेव खाली उतरवले. त्रिशूळरूपाची छोटी कांस्यमूर्ती, अंगावर काही नाही. दूध, हळद, चंदन, पाणी. मी अगदी जवळ होते. समोरून शेकडो वर्षांच्या अभिषेकाने नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले, पण मागची बाजू अजून कोरीव, तिथे छिन्नीच्या रेघा मोजता येतील अशा. पीठाच्या एका कोपऱ्याला जुनी डागडुजी. गुरुजींनी मूर्ती हातात फिरवली तेव्हा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर टेकला, सवयीने. या मूर्तीची कुणी नक्कल आणून ठेवली तर डोळ्यांआधी त्यांच्या अंगठ्याला कळेल.

२५ फेब्रुवारी

कादंबरीचा आराखडा रात्री पुरा केला. तळघर काढून टाकलं, गुप्त पंथही काढून टाकला. नायक म्हणून आता एक गुरव आहे, एक फोटो काढणारा आहे आणि १६८६ सालचा एक मराठी कारकून. प्रकाशकांना हे कितपत रुचेल ते बघू, पण मी यातलं काही बदलणार नाही.

सकाळी गावी भावाला फोन केला. आमच्या भैरवनाथाचे चांदीचे मुखवटे, पितळी टाक आणि पालखीतली मूर्ती यांची यादी देवस्थानाकडे आहे का, विचारलं. ‘ताई, यादी कशाला, सगळ्यांना माहीत आहेत की,’ तो म्हणाला. मी हट्टच धरला. येत्या यात्रेआधी प्रत्येकाचं वजन, उंची, घडणीतले दोष, डागडुजीच्या जागा असं सगळं वहीत लिहायचं. फोटो समोरून आणि मागून, दोन्ही काढायचे. वहीची एक प्रत देवळात, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. गुरवबाबांना शेजारी बसवून घ्यायचं आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं. पुढच्या रविवारी तराजू आणतो म्हणाला.